चौथ्या भागाबद्दल माझं मत

नाशिक, ३ सप्टेंबर २००६

दादा,

वर नुसतं 'दादा' लिहिलंय, 'तीर्थरूप'चा मायना घातलेला नाही. घातला असता तर तुला वाटलं असतं माझ्या कॉलेजातला एखादा अर्ज आहे, आणि तू तो न वाचताच खुंटीला अडकवला असतास.

वणी काही सातासमुद्रापलीकडे नाही. जुन्या सीबीएस स्टँडवरून एसटीत बसलं की दीड तासात तुझ्या शेताच्या बांधावर. तरी मी पत्र लिहितेय, कारण फोन केला की तू "हां, बरं, प्रतिभाकडे देतो" म्हणतोस आणि खरंच देतोस. वहिनी बिचारी माझ्याशी हवापाण्याचं बोलत बसते. पत्र तिच्याकडे देण्याआधी तुला निदान उघडावं तरी लागेल.

तिच्याकडूनच परवा कळलं की तू कॉम्प्युटरवर 'केल्डमार'चा पाचवा भाग खेळतोयस. दिनेशभाऊंच्या इथल्या द्वारका चौकातल्या दुकानातून सीडी मागवलीस म्हणे. दुपारचं जेवण झालं की वीज असेल तेवढा तासभर बसतोस, आणि आत्ता दुसऱ्या मुक्कामावर आहेस. मला आधी हसू आलं, मग मी तुझे उरलेले मुक्काम मोजले. मी तो भाग गेल्या रविवारी संपवला. सातही मुक्काम. आणि संपल्यावर पडद्यावर जी नावं सरकतात ती शेवटपर्यंत वाचली.

त्या नावांत एक गोष्ट आहे. ती तुला पडद्यावरून कळू नये, माझ्याकडून कळावी, एवढ्यासाठी मी लिहायला बसले. तुझे पाच मुक्काम बाकी आहेत, म्हणजे महिनाभर तरी हातात आहे. तेवढ्यात मला सांगायचंच आहे. आज हिंमत होत नाही. आज नुसतं खेळाबद्दल लिहिते, म्हणजे तू वाचशील.

या मालिकेबद्दल माझं मत तू कधी विचारलं नाहीस. विचारण्यासारखं काही नव्हतंही. मी वाचायची, तू खेळायचास. १९९५ साली मी नववीत होते आणि तू वीस वर्षांचा, दिनेशभाऊंकडे कॉम्प्युटर जोडायच्या कामाला. टाकाऊ भागांतून एक यंत्र उभं केलंस आणि इथल्या म्हसरूळच्या आपल्या जुन्या घरी फुलांच्या पाट्या ठेवायच्या खोलीत मांडलंस. अण्णा दारात उभे राहून म्हणाले, "ह्यो टीव्ही नाय, रेडू नाय, मंग हे काय?" तू म्हणालास, "समजंल." ते त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही.

दहावीच्या इंग्रजीत तू दोनदा गचकलेला, आणि मी आत्याच्या हट्टामुळे कॉन्व्हेंटात. म्हणून पडद्यावर कुणी बोललं की मी पाटी पालथी घालून तुझ्या शेजारी बसायची आणि मराठीत सांगायची. मग तू ठरवायचास काय करायचं ते. वाचन माझं, निवड तुझी. हे आपण कधी बोलून ठरवलं नाही, तसं ते होऊन गेलं.

तर माझ्या मते पहिला भाग सगळ्यांत चांगला, आणि तो चांगला झाला कारण त्यांच्याकडे फारसं काही नव्हतंच. चार वाटसरू, एक राज्य, सात नद्या, प्रत्येक नदीवर एक मुक्काम. लढाया थोड्या, चालणं जास्त. आणि तो नियम, जो त्यांनी पाचही भागांत सोडला नाही, की एकदा निवड केली की मागे फिरायचं नाही. बाकीच्या खेळांत चुकलं की आधीच्या जागेवरून पुन्हा सुरू करता येतं. इथे प्रवासाची वही एकच, आणि तिच्यातलं पान फाडता येत नाही. कॉलेजातल्या पोरांना सांगितलं तर ती म्हणतात, मॅडम, असला गेम कोण खेळतं?

एक तक्रार मात्र पहिल्यापासून आहे. या राज्यात पेरतं कोण? जो तो तलवार घेऊन फिरतोय, जिथे जावं तिथे भाकरी तयार. एक माणूस वाकून काम करताना दिसत नाही. आपल्या घरात पहाटेपासून सगळ्यांच्या कमरा मोडलेल्या, म्हणून मला ते फार खटकायचं.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, ती त्याहून जास्त.

सविता


नाशिक, १० सप्टेंबर २००६

दादा,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. वहिनी म्हणाली, पत्र वाचून तू नीट घडी घालून खिशात ठेवलंस. मला तेवढं पुरे.

दुसऱ्या भागाबद्दल माझं मत असं की त्यातली माणसं फार बोलतात. पहिल्या भागातला पूलवाला "कोण आहे?" विचारून मोकळा व्हायचा. दुसऱ्यातला स्वतःच्या आजोबांपासून सुरुवात करतो. वाचून वाचून माझ्या घशाला कोरड पडायची आणि तू म्हणायचास, "सवे, थोडक्यात सांग." माझं बिघडलं ते तिथे. थोडक्यात सांगायचं तर काय ठेवायचं नि काय गाळायचं हे मी ठरवणार. पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात हे द्यायला नको होतं. तुझा दोष नाही, तुला काय माहीत.

तिसऱ्या मुक्कामावरचं तापाचं गाव तुला आठवत असेल. आपल्या चौघांत एक वैदीण होती. मला ती फार आवडायची. ती असली की आपलं कुणी मरत नसे, आणि ती पोरांशी नीट बोलायची. त्या गावाचा पाटील हात जोडून म्हणाला, हिला आमच्याकडे ठेवून जा. खाली दोन ओळी आल्या. एक, तिला ठेवायचं. दुसरी, तिला घेऊन पुढे निघायचं. तू विचारलंस, "काय म्हणतो?" मी म्हटलं, गावात साथ आहे, लवकर पुढे जा म्हणतोय. "आन् ह्या दोन ओळी?" मी म्हटलं, दोन्हींचा अर्थ एकच, खालची दाब.

तू खालची दाबलीस.

सहाव्या मुक्कामावरून परत येताना ते गाव लागलं. चुली थंड, दारं उघडी, माणूस नाही. तू माऊस सोडलास. म्हणालास, "आपलं कुठं चुकलं गं?" मी म्हटलं, खेळच तसा आहे. मग आईनं हार ओवायला हाक मारली आणि मी पळाले.

हे सांगायचं होतं ते नव्हे. ते याहून मोठं आहे. पण सुरुवात इथून झाली, हे मला आता नीट दिसतं. त्या दिवशी मला कळलं की मी जे वाचीन ते तुझ्यासाठी खरं होतं. आणि खोटं सांगायला जे लागतं ते तूच मला दिलं होतंस, ते म्हणजे तू माझ्यावर ठेवलेला विश्वास. हे लिहिताना लाज वाटते.

वहिनी सांगत होती, तिसरा मुक्काम संपत आला. जरा सावकाश खेळ. पाचव्या भागातलं तिसऱ्या मुक्कामाचं मीठ-आगर घाईनं बघण्यासारखं नाही, आणि मलाही वेळ हवाय.

सविता


नाशिक, १७ सप्टेंबर २००६

दादा,

आज तिसरा भाग.

आधी भांडण. या भागात त्यांनी पहिल्यांदा फुलांचे मळे दाखवले आणि सगळी फुलं एकदम फुलवली. शेवंती, गुलाब, झेंडूसारखं काहीतरी, सगळं एकाच वाफ्यात, बाराही महिने. तू पडद्याकडे बघून खो खो हसला होतास. "ह्यांना एकदा अण्णांकडं धाडलं पाहिजे." अण्णांना बोलावून दाखवलंस तेव्हा तेही हसले. त्या यंत्रापुढे अण्णा हसले ते तेवढंच एकदा.

तरी तिसरा भाग माझ्या लेखी महत्त्वाचा, कारण त्याच्याबरोबर नकाशे करायचं साधन आलं. आपला मुक्काम आपण बांधायचा, डोंगर उभा करायचा, माणसं बसवायची, त्यांच्या तोंडी बोलणं घालायचं. तू सहा महिने दुसरं काही केलं नाहीस. मी सूचना वाचून सांगितल्या, बाकी सगळं तुझं. तू वणीचा गड मनात धरून एक चढण केलीस. बाकीच्या मुक्कामांत वर पोचायला लढावं लागायचं. तुझ्या चढणीवर कुणी शत्रूच नव्हता. मध्ये पाण्याचं टाकं होतं, तिथे एक बाई चढणाऱ्याला पाणी द्यायची, आणि जो घाईनं तसाच पुढे जाईल त्याला वरचं दार उघडत नसे. मी म्हटलं होतं, हे काय, यात खेळ कुठेय? तू म्हणालास, "चढणं हाच खेळ हे."

कंपनीनं जगभरातल्या खेळणाऱ्यांकडून नकाशे मागवले होते. तू दोन फ्लॉप्या पुठ्ठ्यात बांधून रजिस्टर पोस्टानं पाठवल्यास. वरचं पत्र मी लिहिलं, सही तू केलीस, इंग्रजीत, वहीवर दहा वेळा गिरवून.

त्यानंतर दोन महिन्यांनी अण्णांची उजवी बाजू गेली. फेब्रुवारी नव्व्याण्णव. माझी बारावी. तू दुकान सोडून शेत हातात घेतलंस, आई बाजारात हार घेऊन बसायची, आणि अण्णांचं सगळं माझ्याकडे आलं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं. मी ते केलं. पण मी ते मनापासून केलं असं कुणी म्हणालं तर मला ऐकवत नाही. मी अंघोळीच्या खोलीत तोंडावर पाणी मारत उभी राहायची आणि दिवस मोजायची. पुण्याला जायचे दिवस.

आता तुला अंदाज आला असेल. आला असेल तरी आज पुढे लिहवत नाही. अण्णांच्या दहाव्याला आपण दोघं गोदावरीवर तास-दीड तास शेजारी उभे होतो आणि फक्त भटजी कधी येणार एवढंच बोललो. ते माझ्यामुळे होतं.

सविता


नाशिक, २६ सप्टेंबर २००६

दादा,

नवरात्र बसलं. गडावर गर्दी, खाली तुझी झेंडूची तोडणी, तुला यंत्राकडे बघायलाही फुरसत नाही असं वहिनी म्हणाली. पाचव्या मुक्कामावर अडकलायस. देवीनं मला आठ-दहा दिवस दिले.

मी ठरवलं होतं की आज सांगायचंच. सकाळपासून तीन कागद फाडले. तेव्हा क्रमानं जाते, चौथा भाग राहिलाय.

चौथ्या भागाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. कथा पातळ, लढायांची भर जास्त. चित्रं सुधारली, पण चित्रांवर पोट भरत नाही. पहिले तीन मुक्काम बरे, चौथ्या-पाचव्यात तेच ते. आणि सातवा तर उगाच लांबण लावलेला. रटाळ चढण, काही घडत नाही, बनवणाऱ्याला शेवट कसा करावा हे सुचलं नसावं असं वाटतं. एवढी मोठी मालिका, आणि तिच्या या भागाला त्यांनी असं दमवून संपवावं याचं मला वाईट वाटलं. तुझं मत कदाचित वेगळं असेल. २००१ साली तो भाग आला तेव्हा मी पुण्यात हॉस्टेलवर होते आणि तू इथे, त्यामुळे तुझं मत कधी कळलंच नाही.

पाचव्याबद्दल थोडक्यात. तो शेवटचा, म्हणून त्यात जो तो रडतो. निरोप घेताना एवढं कुणी बोलत नाही. आपल्याकडे तर मुळीच नाही.

पुढचं पत्र खरं पत्र असेल. वहिनीकडून कळतंच आहे तू कुठवर आलास ते.

सविता


नाशिक, ५ ऑक्टोबर २००६

दादा,

दसरा झाला. वहिनी म्हणते सहावा मुक्काम संपला. आता थांबून चालणार नाही.

पाचवा भाग संपला की शेवटी कंपनीनं ज्यांचे नकाशे त्यांना आवडले त्या खेळणाऱ्यांची नावं दिली आहेत. त्यांत एक नाव आहे: रंगनाथ, नाशिक, भारत. तू ते बघशील आणि तुला वाटेल, माझा नकाशा तर नापसंत झाला होता. सवीनंच वाचून दाखवलं होतं.

तो नापसंत झाला नव्हता.

जून नव्व्याण्णवमध्ये ते पाकीट आलं. तू शेतावरून येऊन माझ्या हातात दिलंस, चिखलाचे हात पँटला पुसून शेजारी बसलास आणि म्हणालास, "वाच." मी वाचलं. आधी मनात वाचलं, मग तुला वाचून दाखवलं: नकाशा पाठवल्याबद्दल आभार, या वेळी निवड होऊ शकली नाही, प्रयत्न चालू ठेवा.

पत्रात होतं ते असं. तुमची चढण आमच्या ऑफिसात सगळ्यांनी चढून बघितली. कुणीही लढत नाही अशी जागा आम्हाला सुचली नसती. आम्ही बंगळुरूला ऑफिस उघडतो आहोत. तिथे सहा महिने काम करून बघायला याल का? जमलं तर पुढे कायमचं. महिन्याच्या आत कळवा.

दादा, अण्णा आतल्या खोलीत होते. माझी पुण्याच्या कॉलेजची यादी पंधरा दिवसांनी लागणार होती. तू गेला असतास तर मी राहिले असते, दुसरं कोण राहणार? हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं ते एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर नजर जाईपर्यंत. मला विचार करायला वेळ मिळाला नाही असं म्हणता आलं असतं. पण मिळाला होता. त्यानंतर पूर्ण एक महिना मिळाला होता, आणि मी रोज तोंड उघडून मिटत होते.

तू ऐकून "बरं" म्हणालास. कागद माझ्याकडेच राहिला. पाकीट तू उचललंस आणि पाणी धरायला गेलास. पुढे तू एकही नकाशा केला नाहीस. मी इंजिनिअर झाले, आता दुसऱ्यांच्या पोरांना तेच शिकवते जे तुला कुणी न शिकवता येत होतं. अण्णांचं तीन वर्षं तू केलंस.

ते पत्र सोबत जोडलंय. सात वर्षं माझ्या डिक्शनरीत होतं. आता माझ्याकडे लपवलेलं काही उरलेलं नाही.

मला माफ कर असं लिहायचा हक्क नाही, पण लिहिते. माफ कर. आणि एवढं कळव की मी वणीला आलेलं चालेल का. तू म्हणशील त्या दिवशी येईन. नको म्हणालास तर समजेन, पण तूच सांग, वहिनीकडून नको.

तुझी,
सवी


वणी, १४ ऑक्टोबर २००६

सविता,

पाच पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला, तोडणी होती. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाय, जसं येईल तसं लिहितो.

राज्यात पेरतं कोण म्हणतीस. पहिल्या भागात दुसऱ्या मुक्कामाला गिरणीच्या मागं नांगरलेलं रान आहे. औत पण आहे. तू वाचण्यात असायचीस, तुझं लक्ष नसायचं.

वैदिणीचं मला तेव्हाच कळलं होतं. दोन ओळी होत्या आणि तू म्हणालीस अर्थ एकच. दोन सारख्या ओळी कोण कशाला लिहील? ते कळायला इंग्रजी लागत नाय. पण तुला ती पाहिजे होती, म्हणून मी खालची दाबली. गाव मेलं ते दोघांनी मिळून मारलं, तू एकटीनं नाय.

आता पत्राचं. पाकीट मी तुला दिलं त्याच्या आधी दोन दिवस माझ्याकडं होतं. चिकटवलेलं सोडवून परत चिकटवलं होतं. चार वर्षं तू शेजारी बसून वाचत होतीस आणि माझे डोळे पडद्यावरच होते की. तुला वाटायचं मी चित्रं बघतो. दिनेशभाऊकडून डिक्शनरी आणली आणि दोन दुपारी बसून सगळं पत्र लावलं. बंगळुरूचं सगळं समजलं. मंग तुझ्याकडं दिलं. तू काय म्हणतीस ते बघायचं होतं. तू खरं वाचलं असतंस तर मी गेलो असतो का, ते मला आजपण सांगता येत नाय. अण्णा तसे पडलेले. पण तू वाचलंस आणि मला समजलं की तुला जायचं हे. मी पाणी धरायला गेलो.

त्याच महिन्यात मी कंपनीला पत्र लिहिलं. पत्ता पाकिटावर होता. माझं इंग्रजी तुला माहीत आहे. येता येत नाय, वडील आजारी आहेत, डोंगर तुम्हाला पाहिजे तर वापरा, एवढं लिहिलं. त्यांनी वापरला.

चौथ्या भागाबद्दल तू जे लिहिलंस ते मी पाच वर्षांपूर्वी वाचलेलं हे. दिनेशभाऊच्या दुकानात एक इंग्रजी मासिक यायचं, त्यात होतं. कथा पातळ, रटाळ चढण, बनवणाऱ्याला शेवट सुचला नाय. शब्दाला शब्द. तवा लय लागलं होतं. आता तुझ्या अक्षरात वाचून परत लागलं.

ती चढण माझी हे, सविता. चौथ्याचा सातवा मुक्काम. टाकं तसंच हे, दार तसंच हे. बाईला मी आईचं नाव दिलं होतं, त्यांनी ठेवलंय. आणि शेवटी नावं येतात त्यांच्यात माझं नाव २००१ पासून हे. तू चौथा खेळली असतीस तर तुला हा महिनाभर असा जीव खालीवर करत बसायची गरज नव्हती. तू खेळलीच नाय. न खेळता मत लिहिलंस, आणि वर म्हणतीस लपवलेलं काही उरलं नाय.

तू खोटं वाचलंस त्याचा मला राग नाय. होता, दोन-तीन महिने होता. राग दुसऱ्याचा हे. त्या दिवसानंतर तू एकदापण माझ्या शेजारी येऊन बसली नाय. पुण्याहून यायचीस, आईजवळ बसायचीस, अण्णांजवळ बसायचीस, मी खोलीत आलो की उठायचीस. मला वाटलं बाई शिकली, आता तिला आपली लाज वाटते. सात वर्षं मी तेच धरून होतो. म्हणून फोन प्रतिभाकडं देत होतो. तुझ्या मनात काय चाललंय ते मला कसं समजणार? ते कुठं लिहिलेलं नव्हतं.

प्रतिभा म्हणते, झालं गेलं सोडा, बोलवा तिला. मी म्हटलं, एक काम राहिलंय तिचं.

चौथ्याची सीडी एसटीच्या पार्सलनं पाठवली आहे, सीबीएसवरून सोडवून घे. पहिल्यापासून खेळ, अधलंमधलं सोडू नको. सातवा मुक्काम पूर्ण चढ. मंग तुला काय वाटलं ते येऊन सांग. वाईट वाटलं तर वाईट सांग, मी ऐकून घेईन, पण तुझं सांग. चढल्याबिगर येऊ नको.

पत्र पोचंपर्यंत भाऊबीजेला आठ दिवस राहतील. रोज दोन तास बसलीस तर होतंय.

रंगनाथ